माझ्या वाटणीच्या शिव्या

दादाचा मोबाइल मी रोज चार्ज करतो. का करतो ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. दादा जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते आणि त्या फोनवर आता फक्त कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई बोलायची. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका सकाळी फोन वाजला आणि पलीकडून एक खराखुरा माणूस अदबीनं म्हणाला, "जीवनभाऊ, तुमचं जनावर तयार आहे. निवडायला कधी येता?" तेव्हा मी सरळ सांगायला हवं होतं, की जीवनभाऊ आता नाहीत.

मी म्हणालो, "उद्या येतो."

पुढं जे काही झालं ते या दोन शब्दांमुळं झालं. एक तर दादा नाही, हे वाक्य मला अजून तोंडातून काढता येत नव्हतं. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, ते 'जीवनभाऊ' मला फार आवडलं. मला आयुष्यात कोणी मितेशभाऊ म्हटलेलं नाही. करंजाच्या बंदरावर मी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. तिथं मला 'ए मित्या' म्हणतात, आणि घाई असली तर नुसतं 'ए'. दादा बोटीवर तांडेल होता. अख्खी बोट त्याच्या शब्दावर चालायची आणि त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा त्याला भाऊ म्हणायची. मी तेव्हाही जळायचो. आता तो नसतानाही त्याला कोणीतरी भाऊ म्हणतंय, हे ऐकून आणखी जळलो. (गेलेल्या माणसावर जळणारे पुष्कळ असतील, पण त्याला आलेल्या फोनवर जळणारा बहुतेक मी एकटाच.)

जनावर म्हणजे काय, हे मात्र मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, कोंबडा असेल. फार तर कुत्रा.

दुसऱ्या दिवशी दादाचा निळा शर्ट घातला, केस पाण्यानं चापून बसवले आणि करंजाहून लाँचनं रेवसला उतरलो. तिथून टमटम पकडून चोंढीला. फोन करणाऱ्याचं नाव हरेश्वर सर. शाळेत शिकवून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. दादा त्यांच्या शेजारच्या बंगल्यावर कोळंबी पोचवायला जायचा, एवढं दादाच्या फोनमधल्या मेसेजांवरून कळलं होतं. मी दारात छाती काढून उभा राहिलो आणि म्हणालो, "मी जीवन."

सरांनी चष्म्यातून माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "या, जीवनभाऊ. बारीक झालात."

आत काचेच्या उंच पेट्या ओळीनं ठेवलेल्या होत्या आणि खोली आमच्या कारखान्यासारखी गार होती. सरांनी एका पेटीचं दार उघडून आत हात घातला आणि बाहेर काढली ती पाल. पाल म्हणजे आपल्या ट्यूबलाइटमागची नव्हे. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, माझ्या मनगटाएवढी जाड, अंगावर शेवाळ चढलेल्या दगडाचा रंग, आणि कातडी अशी सैल की जणू मोठ्या भावाची घातलीय. सर सांगत होते, की हिला राक्षसी गेको म्हणतात, हिचे आजी-आजोबा लांबच्या कुठल्या बेटावरचे, ही मात्र इथंच जन्मलेली, सरकारी नोंदणीचे कागद सोबत मिळतील. माझं अर्धं लक्ष दाराकडं होतं.

दोन होत्या. त्यातून एक निवडायची होती. सर म्हणाले, हातावर घ्या आणि दहा मिनिटं हलू नका, जी तुमच्याकडं राहील ती तुमची. आता दहा मिनिटं न हलता मी झोपेतसुद्धा राहिलेलो नाही. पहिली फार देखणी होती, पांढऱ्या ठिपक्यांची. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि उडी मारून कपाटावर गेली. (मुलींचाही माझ्याबाबत हाच अनुभव आहे.) दुसरा नर होता. जाडा, मंद, शेपटीचं टोक तुटलेला. तो मनगटावरून खांद्यापर्यंत एक-एक पाय चिकटवत, सोडवत, पुन्हा चिकटवत चढला आणि माझ्या कानाखाली मान टेकून झोपला. गार होता. त्याचा श्वास मला मानेवर कळत होता. दहाची वीस मिनिटं झाली. मी हललो नाही.

"हाच," मी म्हणालो.

सर पेटी बांधता बांधता सहज म्हणाले, "धाकटा भाऊ कसा आहे तुमचा?"

मी गडबडलो. मग दादाच्या आवाजात म्हणालो, "हाय ठीक. जरा येडाच हाय."

"असं नका म्हणू," सर म्हणाले. "तुम्ही तर त्याचं किती कौतुक सांगत होता."

दादा माझं कौतुक करायचा, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. परतीच्या लाँचमध्ये मला त्या हरेश्वर सरांचाही हेवा वाटला. माझं कौतुक ते ऐकून बसले होते, मी नाही.

आता आईचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे.

आमची आई नीराबाई. उरणच्या मच्छी बाजारात तिची जागा दारापासून तिसरी, आणि तिचा आवाज दारापासून एसटी स्टँडपर्यंत. वडील आम्ही लहान असतानाच गेले. दोन पोरं तिनं पाटी आणि तोंड या दोन गोष्टींवर वाढवली. त्यातलं तोंड सगळं माझ्या वाट्याला आलं, कारण दादाला बोलावं असं दादा काही करायचाच नाही. उठवताना शिवी, चहाबरोबर शिवी, आंघोळीला गेलो तर पाणी सांडलं म्हणून आणि नाही गेलो तर नाही गेलो म्हणून. आठवीत नापास झालो तेव्हा तर ती तीन दिवस बोलत होती. मधे फक्त बाजाराला जाऊन आली.

पावसाळ्यात दादाला ताप आला. सहा दिवसांत सगळं संपलं. आणि त्या दिवसापासून आईनं मला एकही शिवी दिली नाही.

आधी मला वाटलं, हे शब्दांमुळं असेल. आईच्या शिव्यांचा सगळा साठाच मरणावरचा. मेल्या, मुडद्या, तिरडी उचलली तुझी. ज्या घरातून खरीखुरी तिरडी गेली, तिथं हे शब्द कुठल्या तोंडानं वापरणार? पण तिनं नवेही काढले नाहीत. मी दूध उतू घालवलं. ती फडक्यानं पुसून गेली. मी चिखलाच्या चपला घालून चुलीपर्यंत गेलो, सकाळी दहापर्यंत लोळलो, तिची बसायची फळी मोडली. दर वेळी ती माझ्याकडं बघायची, ओठ घट्ट मिटायची आणि दुसरीकडं जायची. जेवण वाढायची तेही न बोलता. मला वाटायला लागलं, की आईला मी दिसतच नाही. तिला एकच पोरगा होता आणि तो गेला. उरलेला बर्फाची लादी, विरघळून जाईल कधीतरी.

अशा घरात मी पाल घेऊन शिरलो.

आईनं पेटीत डोकावून बघितलं आणि न बोलता केरसुणी उचलली. मी घाईनं म्हणालो, "आई, दादानं सांगून ठेवला होता हा. दादाची शेवटची वस्तू हाय." आणि त्याच क्षणी पेटीतून आवाज आला. आपली पाल चुकचुकते. हा प्राणी थंडीत चालू न होणाऱ्या रिक्षासारखा घरघरला आणि शेवटी दोनदा कट् कट् म्हणाला.

कोणी बोलत असताना पाल बोलली, की ते बोलणं खरं. आमच्याकडं त्यापुढं वाद नसतो. आईची केरसुणी वरच्या वर थांबली. तिनं खाली वाकून जमिनीला बोटं टेकवली, 'कृष्ण कृष्ण' म्हणाली आणि विचारलं, "खातो काय?"

ते सगळं सरांनी समजावून दिलं होतं. पिकलेलं केळं आणि त्यात एक पूड. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. आडोशाला बांबूचे तुकडे. खोलीत गारवा हवा, उकाडा त्याला सोसत नाही. पहिले पंधरा दिवस हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही, कदाचित तो खाणारही नाही, घाबरायचं नाही. दिवसा झोपेल, दिवेलागणीला उठेल. पेटी कुठं ठेवायची, हे मी विचारायच्या आतच आईनं ठरवलं होतं. खिडकीखाली, दादाच्या झोपायच्या जागेवर.

त्या जागेवर मी एकदा दुपारी आडवा झालो होतो, तर आईनं नुसतं बघितलं आणि मी उठलो होतो. तिथं आता पाल राहायला गेली. घरातला एकुलता एक टेबलफॅन तिच्याकडं वळला. कारखान्यातून मी बाटल्यांत पाणी गोठवून आणायचं आणि त्या फॅनपुढं ठेवायच्या, म्हणजे तिला गार वारा लागेल. मी ऑक्टोबरच्या उकाड्यात कोपऱ्यात पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचो आणि बघायचो.

हेही मी सहन केलं असतं. पण पाचव्या दिवशी मी सकाळी अंथरुणात होतो आणि खिडकीकडून आवाज आला.

"ऊठ रं आळशा. दहा वाजायला आले. किती लोळशील?"

मी ताडकन उठून बसलो. अडीच महिन्यांनी तो आवाज. आतून असं बरं वाटलं की काय सांगू. "उठलो आई," मी म्हणालो.

आई पेटीपुढं उभी होती. माझ्याकडं पाठ. "काल दिलेलं तसंच टाकलंस व्हय?" ती पालीला म्हणत होती. "बैला, अन्नाला नावं ठेवतोस?"

ते वाक्य माझं होतं. 'अन्नाला नावं ठेवतोस' हे मी पहिलीपासून ऐकत आलो होतो. ते ऐकायला मी फळ्या मोडत होतो, आणि त्या परक्या बेटावरच्या प्राण्याला ते काहीही न करता मिळालं. (काहीही न करणं, हेच त्याचं मुख्य काम होतं.)

मग ते रोजचं झालं. आईनं त्याला बाप्या नाव ठेवलं आणि बाप्याला ती सकाळ-संध्याकाळ झाडू लागली. मी कारखान्यातून उशिरा आलो, की ती माझं ताट वाढायची, ओठ मिटायची आणि तरातरा पेटीकडं जायची. "घरी यायची ही वेळ झाली? कुठं भटकत होतास?" बाप्या पेटीबाहेर कधी गेलेलाच नव्हता. एकदा म्हणाली, "ते केस बघ किती वाढलेत, झिपऱ्या. आरशात बघतोस कधी?" बाप्याच्या अंगावर एक केस नव्हता. एकदा तर तिनं त्याला बिडी ओढतोस का म्हणून विचारलं. मला आईची काळजी वाटायला लागली. दादाच्या जाण्यानं तिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं मी शेजारच्या सोनाबाईला सांगितलंही. सोनाबाई बाजारात आईच्या बाजूलाच बसते. तिनं माझ्या वाढलेल्या केसांकडं बघितलं आणि 'तुझ्या डोक्याचं काय' एवढंच म्हणून निघून गेली. मला त्याचा अर्थ लागला नाही.

काळजी होती, पण त्याहून जास्त जळत होतो. मी बाप्याशी स्पर्धा सुरू केली. तो जेवला नाही, की मीही ताट सरकवायचो. आई त्याला दोन वाक्यं बोलायची आणि माझं ताट गुपचूप झाकून ठेवायची. मी दिवसा झोपून राहिलो. आईनं फॅन माझ्याकडं नाही, त्याच्याकडं वळवला आणि त्यालाच म्हणाली, "काम सोडून झोपा काढ, म्हणजे मालक घरी बसवील." पालीला कुठला मालक? पण तो तिथं बांबूला चिकटून डोळे न मिटता (त्याला पापण्याच नाहीत) माझ्याकडं असा बघायचा, की मला म्हणत असावा, बघ, मला सगळं मिळतं.

डिसेंबरात एका संध्याकाळी त्यानं आईच्या बोटावरचं केळं चाटलं. आई हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली. चार महिन्यांनी पहिल्यांदा. "गाढवा," ती त्याला म्हणाली, "आता कसा आलास वळणावर." ते 'गाढवा' एवढं मऊ होतं, की मला त्या क्षणी ठरवावं लागलं. एक तर या घरात बाप्या राहील, नाहीतर मी. मी आठवी नापास, जाणार कुठं? म्हणून बाप्यानं जायचं ठरलं.

बेत सोपा होता. आई सकाळी बाजाराला निघाली, की बाप्याला पेटीत घालायचा, लाँचनं रेवस, सरांना परत. आईला सांगायचं, खिडकीतून पळाला. सरांनी सांगितलं होतं, की प्रवासाला थर्माकोलची पेटी चांगली, आत गारवा टिकतो. कोळ्याच्या घरात थर्माकोलच्या पेट्यांना तोटा नसतो. आई आंघोळीला गेली तेवढ्यात मी एक घेतली, आत ओलं फडकं, गोणपाटात गुंडाळलेल्या दोन गोठवलेल्या बाटल्या, त्यावर बाप्या. हवेसाठी भोकं पाडायची गरज नव्हती, बर्फाचं पाणी जायला भोकं असतातच. तपकिरी चिकटपट्टी लावली, पेटी मागच्या दारी ठेवली आणि शर्ट बदलायला आत गेलो.

मागच्या दारी आईचीही पेटी होती. दादाच्या बोटीवरच्या लोकांनी तिच्यासाठी निवडून दिलेलं पापलेट, बर्फात. तीच तपकिरी चिकटपट्टी. मी बाहेर आलो तेव्हा आई रिक्षात बसून गेली होती आणि दारात एक पेटी होती. मी ती उचलली. आता तुम्ही हुशार आहात, तुम्हाला कळलं. मला कळायला खाडी ओलांडावी लागली.

लाँचमध्ये पेटी मांडीवर घेतली होती. पेटीतून पाणी गळून माझी पँट भिजली. मला वाटलं, घाबरून त्यानं केलं. मला एकदम वाईट वाटलं. मी पेटीवर हात ठेवून हळू आवाजात त्याची माफी मागायला लागलो. म्हटलं, बाप्या, तुझं काही चुकलं नाही. मलाच बघवत नाही. तू आलास आणि आई बोलायला लागली, पण माझ्याशी नाही. तुला काय फरक पडतो, तुझ्या बेटावर तुझी आई तुला थोडंच बोलली असती. अर्धी खाडी संपेपर्यंत मी रडत होतो. शेजारच्या माणसानं आपली पिशवी उचलली आणि तो पुढं जाऊन बसला.

चोंढीला सरांनी चिकटपट्टी कापली. झाकण काढलं. आतून चौदा पापलेटं आमच्याकडं बघत होती.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "जीवनभाऊ," ते म्हणाले, "हे मी दिलं नव्हतं."

मी तिथंच पायरीवर बसलो आणि चार महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते निघालं. "मी जीवन न्हाय सर. जीवन गेला. मी मित्या."

"माहीत आहे," सर म्हणाले.

ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, की जीवनभाऊ माझ्याकडं तीनदा येऊन पेट्यांपुढं तासभर बसलेले होते, चेहरा कसा विसरेन. तुम्ही दारात येऊन 'मी जीवन' म्हणालात, तेव्हाच काय झालं ते समजलं. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. तर म्हणाले, "तुम्ही इतकं मन लावून जीवनभाऊ होत होता. म्हटलं, होऊ दे थोडा वेळ."

मी यावर धड रडायच्या आत माझा मोबाइल वाजला. सोनाबाई. ती एका दमात जे बोलली त्याचा सारांश असा, की आईनं गिऱ्हाइकापुढं 'बघा कसं फडफडीत हाय' म्हणून पेटी उघडली, आत हात घातला, आणि बाहेर जे आलं ते आईच्या दंडावरून, गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून उडी मारून बाजाराच्या खांबावर चढून बसलंय. गिऱ्हाईक पडलंय, पण शुद्धीवर आहे. बाजार बंद आहे. आणि आई खांबाखालून हलायला तयार नाही.

सरांनी गाडी काढली आणि मला रेवसच्या धक्क्यावर सोडलं. लाँच त्या दिवशी मुद्दाम सावकाश चालली. दहा गोष्टी मनात आल्या. उन्हानं तापलेला पत्रा, वर कावळे, खाली मांजरं. बाप्या पडला तर? दादाची शेवटची वस्तू मीच मारली, असं होईल. आणि आई? ती आता शिव्या कोणाला देणार? त्या लाँचवर मला पहिल्यांदा त्याचा हेवा वाटला नाही. फक्त तो जगावा, एवढंच वाटलं.

बाजारात शिरलो तर सगळ्या बायका भिंतीला पाठ लावून उभ्या. मधोमध खांब. वर पत्र्याखाली बाप्या, खांबाचाच रंग घेऊन. आणि खाली आई, दोन्ही हातांनी पदर पसरून उभी, पडला तर झेलायला. दोन तास ती तशी उभी होती.

तिनं मला बघितलं. ओठ मिटले. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा गप्प बसणार आणि मी मरणार.

"कुठं उलथला होतास?" आई म्हणाली.

भिंतीला टेकलेल्या बायकांच्या माना आमच्याकडं वळल्या.

"कुठं उलथला होतास, मे—" तो शब्द तिनं गिळला. डोळे मिटून गिळला. मग दुसरे आले. बैला आला, गाढवा आला, अकलेच्या कांद्या आला. पेटी बदलतोस, अक्कल बर्फाच्या लादीखाली ठेवून आलास काय, मुकं जनावर डब्यात कोंबतोस, कोणाला विचारलंस, तुझ्या टाळक्यावरचं ते जंगल काप आधी, माणसात ये. आवाज एसटी स्टँडपर्यंत गेला असणार, कारण दारात कंडक्टर येऊन उभे राहिले. मी हात जोडून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं.

"हसतोस?" आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "चार महिने दात आवळून बसले रं मी. जाताना जीवन्यानं हात धरला माझा. म्हणाला, आई, मित्याला बोलू नको आता, तो एकटा पडेल. वचन घेतलं. मग कुठं जाऊ मी? तुला उठवायचं तर याला उठवलं. तुला जेव म्हणायचं तर याला म्हटलं. तुझ्या सगळ्या शिव्या त्या मुक्या जीवाला घातल्या."

मला केस आठवले. बिडी आठवली. मालक आठवला. दोन महिने मी माझ्याच शिव्यांवर जळत होतो.

"मग आज कसं मोडलंस वचन?" मी विचारलं.

"तो असता," आई म्हणाली, "तर आज त्यानंच मोडायला लावलं असतं. चढ वर."

मी मासळीच्या क्रेटांवर क्रेट ठेवून चढलो. हात वर केला आणि थांबलो. या वेळी हललो नाही. बाप्यानं बराच विचार केला, आणि मग हातावर न येता सरळ माझ्या डोक्यावर उडी मारली आणि ते वाढलेलं जंगल चारी पायांनी धरून बसला. खाली लगेच बायकांची सभा भरली. पाल डोक्यावर पडली तर त्याचं फळ काय, यावर दोन मतं होती, आणि दोन्ही मला ऐकवण्यासारखी नव्हती. पाल अंगावर पडली तर आंघोळ करायची, यावर मात्र एकमत होतं. सोनाबाईनं बादली उचलली. कोळंबी धुतलेलं बर्फाचं पाणी. मी आणि बाप्या, दोघंही एकदम शुद्ध झालो. बाप्याला ते फार आवडलं. मला सर्दी झाली, ती अजून आहे.

तर आता घरी सगळं ठीक आहे. वचन एकदा मोडलंच म्हणून आई मागचं राहिलेलंही पूर्ण करते. परवा तिनं मला ऑगस्टमध्ये उतू गेलेल्या दुधाबद्दल बोलून घेतलं. काल फळी झाली. अजून अख्खा सप्टेंबर बाकी आहे. मी सुखात आहे.

फक्त एक झालंय. शिव्या सगळ्या माझ्याकडं आल्यावर बाप्याशी बोलायला आईकडं निराळे शब्द उरले. आता ती त्याला सोन्या म्हणते, राजा म्हणते. आज संध्याकाळी मी ओसरीवर बसलो होतो, आतून हाक आली, "सोन्या, ये रं बाळा, जेवायला चल." असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी चटकन उठलो, हात-पाय धुतले, ताट न मागता पाटावर जाऊन बसलो आणि मान खाली घातली.

आई हातात केळ्याची वाटी घेऊन माझ्यासमोरून खिडकीकडं गेली. जाता जाता म्हणाली, "तू कशाला बसलास वाटेत? बाजूला हो, त्याला दिसत न्हाय."